काठोकाठ भरलेला डबा

आजोबांच्या जुन्या मोटारीच्या इंजिनवर एक गोल डबा आहे. इंजिनला लागणारी हवा आधी त्यातल्या तेलावरून जाते, धूळ तेलात अडकते आणि स्वच्छ हवा आत शिरते. तेल मात्र खुणेपर्यंतच घालायचे असते. गेल्या उन्हाळ्यात माझ्या बहिणीला लग्नासाठी त्या मोटारीतून वरकुट्याला न्यायचे होते, म्हणून आजोबांनी प्रेमाने डबा काठोकाठ भरला. जादा तेल इंजिनने ओढून घेतले आणि मोटार धुराचे लोट सोडतच गावात शिरली. मुहूर्ताला वीस मिनिटे उरली होती. तेवढ्यात एक म्हातारी आडवी आली.

“आमच्या आळीत कवा मारणार डासांचा धूर?”

“डासांची गाडी न्हाय ही, आजी. आत नवरी हाय,” आजोबा म्हणाले.

“मग तिलाबी घ्या की संगं. दरवेळी आमचीच आळी राहती.”

बाकीच्या बायकाही रस्त्यात उभ्या राहिल्या. शेवटी नवरीच म्हणाली, “आबा, फिरवा एकदाची.”

आम्ही नवरीसकट सगळी आळी धुरवली. शेवटच्या घरापाशी धूर आपोआप थांबला, कारण जादा तेल जळून डबा खुणेवर आला होता. मग मोटार अशी पळाली की मंगलाष्टकांच्या आधी आम्ही मांडवात होतो.