आमच्या साडूंची अमेरिका

अमेरिका आपला समुद्र ओलांडून परक्या बेटांवर का गेली, हे खुद्द अमेरिकेला ठाऊक नसेल इतके आमच्या थोरल्या साडूंना ठाऊक होते. हे विधान मी जबाबदारीने करतो. फक्त एक कबूल करायला हवे, की अमेरिकन माणूस मी आयुष्यात एकदाच पाहिला, सिकंदराबादच्या फलाटावर, आणि त्याला विचारायचे राहून गेले. साडू नामपल्लीजवळच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेने जे हातपाय पसरले, त्याची कारणे त्यांच्या मते सात होती : कारखान्यांत उरलेला माल, संपलेली मोकळी जमीन, आरमाराची हौस, जहाजांना कोळसा घ्यायला लागणारी ठाणी, युरोपशी चढाओढ, आपणच जगाला शहाणे करणार हा धर्माचा आणि वंशाचा ताठा, आणि लढाई पेटवून खप वाढवणारी वर्तमानपत्रे. बावीस वर्षांत त्यांचा क्रम कधी चुकला नाही. मी रेल्वेच्या कचेरीत वेळापत्रके तपासणारा माणूस. अशा गोष्टी माझ्या लक्षात राहतात.

कशालाही एकच कारण असते, यावर त्यांचा विश्वासच नव्हता. एकदा मी त्यांच्याकडे जेवायला उशिरा पोचलो.

“का हो साडूभाऊ, उशीर?”

“सायकल पंक्चर झाली.”

“हे एक झालं. बाकीची?”

मी म्हटले, एवढेच. तर म्हणाले, “एकच कारण सांगतो तो माणूस काहीतरी लपवतो. स्पेनशी लढाई का झाली, तर म्हणे बंदरात जहाज उडालं! ते निमित्त हो. कारणं आधीच रांगेत उभी होती.” वास्तविक मी घरून निघालोच उशिरा होतो.

त्यांच्याबरोबर आबिड्सच्या बाजारापर्यंत पायी जाणे म्हणजे पॅसिफिक ओलांडणे होते. अंतर वीस मिनिटांचे. आम्हाला एक तास पाच मिनिटे लागत. वाटेत पानवाला, जुन्या पुस्तकांचे दुकान आणि इराण्याचे हॉटेल ही तीन ठाणी होती. “जहाज कितीही मोठं असलं तरी कोळसा लागतोच,” असे म्हणून ते इराण्याकडे दुसरा चहा मागवत. घरी अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, पाच माणसांच्या घरात दोन मोठ्या बरण्या लोणचे घालत. उरलेले शेजारी जाई, लोणच्यामागून अक्का जात, आणि वर्षाच्या आत शेजारच्या गच्चीवर आमच्या अक्कांची वाळवणे पसरलेली असत. साडूंनी हे पहिले कारण म्हणून पाहुण्यांना दाखवले, तेव्हा अक्का म्हणाल्या, “हौ का? मग उद्यापासून अमेरिकेनं नुसता वरणभात खावा.”

ही अमेरिका वर्गात चाले ती उर्दूत. साडू उर्दूत शिकले, उर्दूतच शिकवत आले. मराठी घरात आणि इतिहास उर्दूत, अशी त्यांची वाटणी होती. कोळशाचे कारण आले की मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास ओरडे, “सर, कोयला खतम होगया तो घर को वापस जाना था ना!” आणि साडू त्याच्याशी अर्धा तास भांडत.

मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचे राज्य संपले. राज्य गेल्याचे आम्हाला दुःख नव्हते. पण काही महिन्यांनी साडूंच्या शाळेत ठरले, की वरच्या वर्गांना इंग्रजीत शिकवायचे. पाहणीला साहेब येणार. ज्यांना जमणार नाही त्यांनी वरचे वर्ग सोडून खाली जायचे. पेन्शनीला चार वर्षे उरलेला माणूस. “खाली म्हणजे पहिलीच्या पोरांना कवायत,” साडू म्हणाले, आणि त्या दिवशी चहा अर्धाच प्यायले.

अकरा संध्याकाळी आमच्या घरी तालीम झाली. विद्यार्थी मी आणि माझी बायको. साती कारणांची इंग्रजी वाक्ये त्यांनी घोटून घोटून पाठ केली. फळ्याचा विचार मात्र आम्हाला सुचला नाही. ही चूक निम्मी माझी.

पाहणीच्या दिवशी मी अर्धी रजा टाकून शाळेच्या व्हरांड्यात उभा होतो. साडूंनी खडू घेतला आणि बावीस वर्षांच्या सवयीने फळ्याच्या उजव्या टोकाला गेले, उर्दू जिथून सुरू होते तिथे. ‘कॉजेस’ या शब्दाची इंग्रजीत अक्षरे सहा. दोन लिहून झाली आणि फळ्याची चौकट आली. पोरे हसली. साहेबांनी मान वर केली. “सर, उधर से, उधर से!” एक जण कुजबुजला.

साडूंनी चौकटीवर खडू टेकवला. मग वर्गाकडे वळून इंग्रजीत म्हणाले, “इथे आपली जमीन संपली. आता अमेरिकेने काय केले?” आणि उरलेली चार अक्षरे त्यांनी सरळ भिंतीवर लिहिली.

हे वाक्य आमच्या अकरा संध्याकाळींपैकी कुठल्याच तालमीतले नव्हते. साहेब डोळे पुसेपर्यंत हसले. वरचे वर्ग साडूंकडे राहिले. भिंत शिपायाला दोनदा पुसावी लागली.

त्याला आता वर्ष झाले. परवा आबिड्सला जाताना मी विचारले, “अमेरिका कुठवर आली?”

“संपली. पूर्वी तीन आठवडे पुरायची, आता चार तासांत होते. इंग्रजीत मला पाठ आहे तेवढंच बोलता येतं. फाटे फुटत नाहीत.”

“आणि पोरं? कोळशावरून भांडतात की नाही?”

“त्यांना तरी कुठे येतं हो इंग्रजीत भांडायला? मान खाली घालून लिहून घेतात. गुणी झालीत बिचारी.”

त्यांची नोकरी राहिली याचा मला आनंद आहे, आणि तसे मी त्यांना सांगितलेही. ते “हौ, ते तर आहेच,” म्हणाले, आणि माझ्या पुढे दोन पावले चालू लागले.