तीजेची ढलाई

हल्ली मला लोक भाषणाला बोलावतात. माझा लहानसा कारखाना आहे, माणसं टिकून आहेत, म्हणून "माणसं कशी सांभाळावीत" यावर बोला म्हणतात. मी बोलतो, पण अर्धवटच बोलतो. खरं सांगायचं तर मला माणसं सांभाळता येत नव्हती. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. आई म्हणायची, याला पाटावर बसवून जेवायला वाढा, हा आधी भांडेल आणि मग जेवेल. असल्या माणसाला ज्यांनी सांभाळून घेतलं त्यांच्याबद्दल हे लिहितो आहे.

भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातून मी भिलाईला आलो, तेव्हा पोलादाचा कारखाना उभा राहत होता. उभा कसला, अजून जमिनीखालीच होता. जिकडे पाहावं तिकडे खोदलेले खड्डे, मुरमाचे ढीग, गंजलेल्या सळ्या आणि मधूनच एखादा घामाघूम रशियन. एका ठेकेदाराकडे मी मजुरांवर ओरडायच्या कामाला लागलो. त्या कामाचं नाव वेगळं होतं, पण काम हेच. आवाज दणदणीत असल्यामुळे म्हणा किंवा दुसरं कोणी हाताशी नसल्यामुळे म्हणा, पुढे मला सुपरवायझर केलं. तेही कच्चं. एका मोठ्या पायाचं काम माझ्या देखरेखीखाली नीट पार पडलं की पक्कं, असं ठरलं. नाही पडलं तर गावी परत. गावी शेत होतं, पण ते भावांनाच पुरत नव्हतं. नवीन लग्न झालेलं, पत्नी भिलाईला येऊन राहिलेली. ती जागा पक्की होणं मला जगण्यामरणाचं वाटत होतं.

काँक्रीट ओतायच्या कामाला तिकडे सगळेच ढलाई म्हणत. ढलाई एकदा सुरू झाली की पाया भरेपर्यंत थांबता येत नाही. मध्ये खंड पडला तर जुन्या-नव्याचा सांधा कच्चा राहतो. मिक्सर होते, पण मिक्सरपासून खड्ड्यापर्यंत माल डोक्यावरच्या घमेल्यांतून जायचा, आणि ती घमेली बायका उचलायच्या. त्यांना रेजा म्हणत. आसपासच्या छत्तीसगढी गावांतल्या या बायका माझ्या शिव्या ऐकून पदराआड हसायच्या. त्यांची म्होरकी चाळिशीची, काटक बाई होती. बाकीच्या तिला दाई म्हणायच्या, म्हणजे आई. तिने नुसती मान हलवली की रांग चालू लागायची. मी गळ्याच्या शिरा ताणून ओरडलो तरी चालेलच असं नव्हतं. याचाही मला राग यायचा.

मोठ्या साहेबांनी, म्हणजे इंजिनियरांनी, मला विचारलं, "ढलाई कधी?" मी वैदर्भी माणूस, हिशेब मांडला. पोळा आलेला होता. पोळ्याला पुरुष मंडळी बैलांसाठी गावी जाणार, एक दिवस दांडी मारणार, दुसऱ्या दिवशी डोळे चोळत परत येणार. बायकांचा आणि पोळ्याचा काय संबंध? मी छातीठोक सांगितलं, "पोळा झाला की लगेच." साहेबांनी रशियन तज्ज्ञांना तसं कळवूनही टाकलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, ती अशी.

पोळ्याला दोन-चार दिवस उरले असताना मिक्सरच्या पलीकडे अनोळखी पुरुष येऊन बसू लागले. काखेत छत्री, शेजारी गाठोडं, डोक्याला स्वच्छ पागोटं. काम मागायला आले असावेत म्हणून मी त्यांना हाकलायला गेलो. एक म्हातारा शांतपणे म्हणाला, बहिणीला न्यायला आलो आहे. दुसराही तेच म्हणाला. तिसराही. मी दाईला बोलावून विचारलं, हे काय चाललंय?

"तीजा म मइके नई जाबो त कब जाबो, साहेब?" ती म्हणाली. तीजेला, म्हणजे पोळ्यानंतर येणाऱ्या आपल्या हरतालिकेला, माहेरी नाही जायचं, तर मग जायचं कधी?

मी तिथेच तोंड सोडलं. जी जाईल तिने परत यायचं नाही, असंही म्हणालो. बायका घमेली उचलत राहिल्या आणि भाऊ छत्र्या मांडीवर घेऊन बसून राहिले.

घरी गेलो तेव्हाही डोकं तापलेलंच होतं. ताटावर बसून मी त्या बायकांना, त्यांच्या भावांना आणि छत्र्यांना नावं ठेवत होतो. पत्नीने थोडा वेळ ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "अजी, कावून ओरडून राहिले? पोळा बैलाइचा असन, तीजा बायकाइची. इथं सासरची मानसंबी अडवत नाही म्हन्ते. तुमी कोन लागून गेले?"

"ढलाई कोन करन मग? तू?"

"मी कायले करू? पन मले माहेरी जाऊन किती दिवस झाले, ते सांगा आधी." एवढं बोलून तिने माझ्या ताटात भाकरी वाढली. लग्नानंतर एकदाही मी तिला पाठवलं नव्हतं, आणि तिने तोवर विषयही काढला नव्हता.

सकाळी मोठे साहेब खड्ड्याशीच भेटले. मी म्हटलं, तारीख पुढे ढकला, बायका तीजेला जाणार. ते भडकले. रशियनांना काय सांगू, म्हणाले. निंदणीच्या दिवसांत गावाला गेलेली बाई परत येते का? दुसरे ठेकेदार टपून बसलेत, ते वाटेतून पळवतील. येतील याची हमी कोण देणार?

"मी देतो."

"आणि नाही आल्या तर?"

"तर माझ्या जागी दुसरा माणूस बघा," मी ओरडलो. साहेबांवर ओरडलो! मिक्सर नेमका बंद होता, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. साहेब म्हणाले, ठीक, तीजेनंतर दोन दिवसांनी. राग ओसरल्यावर माझी पाचावर धारण बसली. ज्यांना मी आदल्या दिवशी शिव्या दिल्या होत्या, त्यांच्याच भरवशावर मी आपली नोकरी लावली होती.

पोळ्याच्या संध्याकाळी साइट ओस पडली. भाऊ बहिणींना घेऊन गेले होते. मी खड्ड्यातलं पावसाचं पाणी पंपाने नीट उपसलं जातंय का ते पाहायला गेलो, तर कडेला दाई एकटीच बसलेली.

"तू नाही गेलीस?" मी विचारलं.

"मोर मइके इहेंच रिहिस, साहेब," ती म्हणाली. तिचं माहेर इथंच होतं. तिने हाताने दाखवलं. पंप ठेवला होता तिथं आंब्याचं झाड होतं, आणि आम्ही खोदलं होतं ते तिच्या बापाचं धानाचं शेत. कारखान्यासाठी गाव उठलं, आईबाप लांबच्या नातेवाइकांकडे गेले आणि तिकडेच वारले. भाऊ नव्हताच. ती हे रडत सांगत नव्हती, एखाद्या अनोळखी माणसाला रस्ता दाखवावा तसं सांगत होती. इतके दिवस ती आपल्याच माहेरात काँक्रीट टाकत होती आणि मी तिला "ए, पाय उचल" म्हणत होतो. मग तिने विचारलं, बायकांना कोणत्या दिवशी बोलावलं आहे? मी दिवस सांगितला. ती उठून गेली.

ठरल्या दिवशी उजाडताच मी साइटवर हजर. मिक्सर तयार, सिमेंट ताडपत्रीखाली, साहेब हाताची घडी घालून उभे, शेजारी रशियन आणि त्याचा दुभाष्या. बाई मात्र एकही नाही. पत्नीला काय सांगायचं, सामान कशात बांधायचं, इथपर्यंत माझ्या मनाची तयारी झाली होती.

तेवढ्यात कुम्हारी गावाकडच्या वाटेने रांग दिसली. पुढे दाई, गुडघ्यापर्यंत चिखल. मागे सगळ्या. दोघी-तिघींनी आपल्या नणंदाभावजयाही आणल्या होत्या. माहेरची नवी लुगडी गाठोड्यात, अंगावर कामाची जुनी. आल्या आल्या त्यांनी चुंबळी डोक्यावर ठेवल्या, आणि ढलाई सुरू झाली. मी त्या दिवशी ओरडलो नाही. तशी वेळच आली नाही. पाया भरून वर आला, रशियनाने काठीने ठोकून पाहिला आणि मान डोलावली. माझी जागा पक्की झाली.

खाली बसून बायका माहेरून आणलेला तीजेचा फराळ, ठेठरी-खुरमी, खात होत्या, तेव्हा मला कळलं. एकीने हसत हसत सांगितलं, दाई गावोगाव फिरली. हिच्या माहेरी जेवली, तिच्या माहेरी झोपली, आणि निघायच्या दिवशी एकेकीला घरातून उठवून घेऊन आली. सगळ्यांना माहेरी न्यायला भाऊ आले होते. परत आणायला ती गेली होती.

मी तिला विचारलं, कशासाठी?

"तैं हमर बर लड़े, साहेब," ती म्हणाली, तू आमच्यासाठी लढलास, आणि माझ्या हातावर एक खुरमी ठेवली.

मी किती लढलो होतो ते मला ठाऊक होतं. थोडा लढलो, बाकी सगळा राग. पण तिने त्यातलं जे चांगलं होतं तेवढंच उचललं. पुढे मला जे काही मिळालं, बढती, नाव, स्वतःचा कारखाना, त्या सगळ्याच्या तळाशी ही बाई आहे. मी तिचा ऋणी आहे, आणि हे ऋण फेडावं असं मला कधी वाटलंच नाही, ते अंगावर असलेलंच बरं वाटतं.

पुढच्या वर्षी पोळा जवळ आला तसे मिक्सरपलीकडे भाऊ येऊन बसू लागले. मी पत्नीला तिच्या माहेरी पाठवायला निघालो, तर ती म्हणाली, "मी तीजा झाल्यावर जाइन. आधी तुमी दाईले आपल्या घरी घेऊन या." मी छत्री घेतली, धुतलेला सदरा घातला आणि मजुरांच्या झोपड्यांकडे गेलो. दाईच्या दारासमोर आणखी दोघं-तिघं भाऊ आपापल्या बहिणींची वाट पाहत बसले होते. त्यांच्या शेजारी मीही बसलो.

ती बाहेर आली. "का बुता हे, साहेब?" काय काम आहे?

"काम नाही, दीदी. तुले तीजेले न्यायले आलो."

ती आत गेली. बराच वेळ झाला, बाहेर येईना. मला वाटलं चिडली, आणि माझाही पारा हळूहळू चढू लागला. मग दार वाजलं. डोक्याला तेल, अंगावर धुवट लुगडं, हातात गाठोडं. तिने कडी घातली, ओढून पाहिली आणि अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात शेजारणीला म्हणाली, "मैं मइके जावत हंव!"