अक्काची अट आणि आमचा रॅम्प

आमच्या मार्गळी, म्हणजे तमिळ मार्गशीर्षातल्या, उत्सवाच्या मंडळात पाच माणसं जमली की काम होतं अर्धा तास, बाकीचा वेळ "त्या वर्षी काय झालं होतं, आठवतं?" यातच जातो. दर डिसेंबरला नवे किस्से येतात आणि जुने कुणी टाकून देत नाही. पुण्याची माझी वहिनी म्हणते, "वन्सं, लिहून काढा हो!" माझं कुंभकोणी मराठी तिला बखरीतलं वाटतं, म्हणून जमेल तेवढं झाडूनपुसून लिहितेय.

सगळ्याच्या मुळाशी आमची रुक्मिणीअक्का. कुंभकोणातल्या मेलकावेरीत तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर आमचं पटांगण, तिथं उघड्यावर नाच-गाणं चालतं. अपघातात तिच्या पायांतली ताकद गेली, त्या वर्षी चौघांनी तिला खुर्चीसकट उचलून पहिल्या रांगेत नेलं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो! उचलणारे चौघं हसतायत, आणि अक्काची फक्त एक चप्पल दिसतेय.

त्यानंतर आठ वर्षं अक्का रस्त्याच्या कडेला रिक्षात बसून गाणं ऐकायची. बोलवायला गेलो की एकच अट, "माझी मी येऊ शकले तर येईन. कुणी हात लावायचा नाही." शेवटी एका वर्षी आम्ही ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, यंदा अक्का आत!

* * *

पटांगण रस्त्यापासून पाच पायऱ्या उंच. रॅम्पचं काम रामोजीरावांनी घेतलं. हे अक्काचे धाकटे चुलतभाऊ, सरकारी नोकरीतून रिटायर झालेले इंजिनियर. आठवड्यात रॅम्प तयार! अक्कानं रिक्षातूनच नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "छान झालाय. आधी तू बसून वर जा बघू, रामोजी."

रामोजीराव रुबाबात व्हीलचेअरवर बसले. अर्ध्यावर हात भरून आले आणि खुर्ची जी उलटी सुटली, ती थेट समोरच्या कॉफीवाल्याच्या टपरीवर! त्यानं शांतपणे दुधाचं पातेलं बाजूला घेतलं आणि विचारलं, "सर, साखर किती?"

रामोजीराव उठले, खिशातून टेप काढला आणि मापं घ्यायला लागले. दुसरा रॅम्प चौपट लांब झाला. सत्तरीत स्वतः बांधलेलं स्वतः फोडायचं म्हणजे गंमत नाही, मी तर त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला.

* * *

मग खाली रस्त्यालगत, मंडळाच्या इमारतीत बाथरूम. रुंद दार, धरायला दांडा, हाताशी येणारा नळ. अक्काला बघायला बोलावलं तर दाराला हे भलंमोठं कुलूप!

"घाण होऊ नये म्हणून लावलं," वॉचमन म्हणाला.

"किल्ली?"

"ऑफिसात."

ऑफिस पहिल्या मजल्यावर! अक्का म्हणाली, "हरकत नाही. जिना चढता यायला लागला की येईन मी बाथरूमला."

वॉचमन बिचारा कानापर्यंत लाल झाला. धावत जाऊन किल्ली आणली, कुलूप काढलं आणि सरळ कावेरीत भिरकावलं. आजतागायत दुसरं आणलेलं नाही.

* * *

रंगीत तालमीला तिरुप्पनंदाळहून मृदंगाचे मास्तर गोविंदन आले. त्यांना दिसत नाही. शेजारी बसून त्यांना नाच सांगायचं कामही रामोजीरावांनीच हौसेनं मागून घेतलं. "उजवा हात पंचेचाळीस अंशांत. डावा पाय सहा इंच पुढं. कोपर काटकोनात."

मास्तरांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "सर, मुलगी नाचतेय की पूल बांधतेय?"

मागं पार्वतीमामी बसल्या होत्या. उत्सवात दारापुढचं कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी, त्याच काढतात. "सरका हो!" म्हणत त्या पुढं आल्या. "मास्तर, नवरा उशिरा आलाय, ही रुसलीय. तो जवळ आला, हिनं मान फिरवली. अय्यो, हसू आलंय, पण दाखवत नाहीये!"

हल्ली मास्तरांच्या आजूबाजूला डोळसांचीच गर्दी असते. मामी सांगतात म्हणून आम्हाला तरी नाच कळतो!

* * *

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आम्ही मामींना सांगितलं, "उद्या दारात कोलम मोठं हवं हं!" मार्गळीतलं कोलम म्हणजे आमच्याकडं चेष्टा नाही. माणसं वळसा घालून जातील, पण त्यावर पाय ठेवणार नाहीत.

पहाटे मामी चार बायकांना घेऊन आल्या. दारात सगळ्यात लांब, गुळगुळीत, स्वच्छ जागा कुठली? रॅम्प!

आम्ही पोचलो तेव्हा खालपासून वरपर्यंत, या कडेपासून त्या कडेपर्यंत कोलम! इतकं सुंदर, की रॅम्प कशासाठी बांधला तेच मिनिटभर विसरले मी.

नऊ वाजता अक्का आली. रेशमी साडी, केसांत अबोली. खुर्चीचं चाक कोलमाच्या पहिल्या रेघेशी येऊन थांबलं.

"यावर चाक घालू? मीही याच गावची आहे," ती म्हणाली.

रामोजीराव घाईघाईनं पुढं झाले. "अक्का, आम्ही चौघं एका मिनिटात तुला..."

अक्कानं त्यांच्याकडं नुसतं बघितलं. ते दोन पावलं मागं सरले. तिनं खुर्ची रिक्षाकडं वळवली. आठ वर्षांनी इथवर येऊन परत रिक्षात! माझ्या तर डोळ्यांत पाणीच आलं.

तेवढ्यात पार्वतीमामी पिठाचा डबा घेऊन पायऱ्या उतरून आल्या आणि रॅम्पच्या कडेशी वाकल्या.

"अक्का, इकडं बघा. सकाळपासून मुंग्या पीठ खात वर चालल्यायत. त्यांच्या पायांनी कोलम बिघडलं का? आणि त्यांना कुणी उचलून नेलं का?"

अक्का हसली. केवढ्यांदा हसली! खुर्ची फिरवली आणि दोन्ही हातांनी चाकं लोटत, दम खात, वर. रामोजीराव हात पाठीमागं घट्ट बांधून शेजारून चालत होते. पटांगणात पहिल्या रांगेपर्यंत चाकांच्या, पिठाच्या दोन पांढऱ्या रेघा उमटल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मामी सडा घालायला आल्या. रस्ता धुतला, रॅम्प धुतला, सगळं पटांगण धुतलं. त्या दोन रेघा तेवढ्या कोरड्या ठेवल्या, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना ठिपके मांडायला बसल्या.