सोवळ्यातल्या बाई आणि जपानची लेकरं

कळमनुरीकडच्या एका गावात देवीचं देऊळ आणि जिल्हा परिषदेची शाळा पाठीला पाठ लावून उभी आहेत. देवळातल्या सोवळ्याच्या स्वयंपाकघराची खिडकी थेट शाळेच्या पटांगणात उघडते. प्रेमाचं सगळं आयुष्य त्या खिडकीच्या अलीकडे-पलीकडे. पलीकडे ती तिसरीची बाई, अलीकडे पुजारी बंडोपंतांची सून.

भाऊबंदांमध्ये पूजेची पाळी फिरते. ती घरी आली, की प्रेमाची शाळेला रजा. सासूबाई गेल्यापासून नैवेद्य तिच्याच हातचा. ओलेत्याने रांधायचं, कुणाला शिवायचं नाही, नैवेद्य दाखवेपर्यंत उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. भक्ती तिची खोटी नव्हती. देवीपुढे उभी राहिली की तिचे डोळे आपसूक भरायचे. पण यंदा जीव पलीकडे अडकला होता.

वर्षभर ती मुलांना परदेशातल्या लेकरांच्या गोष्टी सांगत होती. जपानमधली मुलं आपला वर्ग आपणच झाडतात, हे ऐकून योगेश म्हणाला, "मंग त्यांचा शिपाई काय करून राहिला, बाई?" आणि प्रेमाने त्यांच्यासारखा कमरेतून वाकून नमस्कार करून दाखवला, तेव्हा तांड्यावरची रुपा तर हसून हसून लोळली.

प्रेमा तिला म्हणाली, "परक्या रीतीला हसू आलं तर ते गिळायचं गं. आणि विचारायचं, काहून?"

शेवटी जपानमधल्या एका शाळेने व्हिडिओ कॉलवर समोरासमोर बोलायचं कबूल केलं. मध्ये एक दुभाषी बाई हिंदीत सांगणार होत्या. मुलांनी वर्गाला तोरण बांधलं. आणि तारीख आली ती नेमकी पूजेच्या पाळीत. पुढे तिकडे सुट्ट्या, म्हणजे दुसरा दिवस नाहीच.

"मामंजी, तेवढा एक दिवस काकांकडच्यांना द्यायचा का?" तिने चाचरत विचारलं.

"उसनी दिलेली पाळी परत येते होय? आणि देवीला काय सांगू? आज उपाशी बस, सून जपानशी बोलतेय?" बंडोपंत मनापासून हसले.

रागावले असते तर भांडता तरी आलं असतं.

त्या दिवशी ओमप्रकाश सरांनी शाळेच्या ओसरीत टीव्ही मांडला. प्रेमा खिडकीशी पुरणपोळ्या लाटत होती. पडदा दिसत नव्हता. दिसत होती नुसती पोरांची तेल लावून चापलेली डोकी. तिकडची मुलं काहीतरी गात होती.

एवढ्यात रुपा धावत आली. "बाई, ती पोरगी इचारून राहिली, तुमच्या बाई कुठं हायेत?"

"सांग, देवीचा स्वयंपाक करतायत. आज कुणाला शिवत नाहीत."

रुपा गेली तशीच परत आली. खिडकीचे गज धरून म्हणाली, "बाई, ती म्हणली, काहून?"

प्रेमा झटकन मागे सरली. दोन वर्षांपूर्वी रुपाचा तोच हात धरून तिने तिला पहिली अक्षरं गिरवायला लावली होती. रुपाने गजांवरचे हात हळूच काढून घेतले.

"असं सांग..." प्रेमा म्हणाली. रीत, घराणं, पावित्र्य, सगळं तोंडपाठ होतं. त्यातलं काहीच आठ वर्षांच्या पोरीच्या ओंजळीत घालता येईना.

गाभाऱ्यातून बंडोपंतांचा आवाज आला, "सांग त्यांना! देवीला आमच्या सुनेच्याच हातचं लागतं!" केवढा अभिमान होता त्या आवाजात.

"मंग बाईला सुट्टी कवा?" रुपाने विचारलं.

आतून आवाज आला, "प्रेमा, पोळी लागतेय बघ."

तिने पोळी उलटली. पलीकडे गाणं संपलं, निरोप सुरू झाले. ओसरीतली सगळी डोकी पडद्यापुढे कमरेतून वाकली, अगदी शिकवल्याबरहुकूम. कुणीही हसलं नाही. मग रुपाने काहीतरी सांगितलं, आणि सगळा वर्ग वळून खिडकीकडे वाकला.

प्रेमाचे हात पिठाने भरले होते. ती तव्यापासून उठली आणि गजांआडून तशीच वाकली. वर बघते तो मुलं पांगली होती, आणि सर टीव्हीची वायर गुंडाळत होते.

मागे नैवेद्याची घंटा वाजली. तिने ताट वाढायला घेतलं.