उतारावर सोडलेला गिअर

त्या उतारावर मी मालकांचं ऐकलं, याची मला आजही किळस येते.

मी परभणीकडचा, नववीत शाळा सोडलेला. कुंडलजवळच्या या मालकांनी हातात ट्रॅक्टर दिला, गोठ्याशेजारची खोली दिली, पहिल्या थंडीत पांघरायला स्वतःचा रग दिला. हे उपकार मी विसरलेलो नाही. म्हणूनच त्यांना नाही म्हणणं मला जमायचं नाही.

त्या दिवशी मागे उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या होत्या. मालक मडगार्डवर बसून गुटखा चघळत होते. उतार लागताच पचकन थुंकले. अर्धी पिंक वाऱ्यानं माझ्या बाहीवर.

"न्यूट्रल टाक रं. डिझेल काय आभाळातनं पडतंय व्हय?"

"मालक, ट्रॉल्यांना ब्रेक नाहीत. लोड ढकलतो."

"लय शाना झालास? टाक म्हनतोय न्हवं!"

टाकला.

नववीत संवेग शिकलो होतो, वस्तुमान गुणिले वेग. फळ्यावरचा तो गुणाकार आता पाठीमागून ढुसण्या देत होता. ब्रेक दाबला की ट्रॉल्या हुकावर आदळायच्या आणि ट्रॅक्टर आडवा सरकायचा. खाली अरुंद पूल. पुलावर मोटरसायकल, मागे बाई, तिच्या मांडीवर मूल. दगडी कठड्यावर घातला असता तर एका क्षणात थांबलो असतो, चेंदामेंदा होऊन. अलीकडे उभा ऊस होता. त्यात घातला. कांडी कडाकड मोडत गेली, प्रत्येक कांड्यानं थोडा थोडा वेग खाल्ला, आणि तीसेक पावलांवर आम्ही थांबलो. जिवंत.

उसाचा शेतकरी धावत आला. मालक म्हणाले, "ब्रेक फेल झालं वो. पोरानं वाचिवलं." त्यांच्या ओठातून लाल लाळ ओघळत होती.

"होय, ब्रेकच," मीही म्हणालो. माझंच तोंड मला घाण वाटलं.

दोन दिवसांनी तोच उतार. मी वरच पहिला गिअर टाकला, इंजिनानंच वेग रोखावा म्हणून.

"आरं, न्यूट्रल!"

मी ट्रॅक्टर उभा केला. "न्यूट्रल हवा असेल तर तुम्ही चालवा मालक. मी उतरतो."

"खोली सोडायची हाय का?"

"सोडतो."

मागची एसटी हॉर्नवर हॉर्न देत होती. शेवटी ते पुटपुटले, "चल. घाल तुझा गिअर."

कारखान्याच्या रांगेत ते इतर ड्रायव्हरांना सांगत होते, "उताराला गिअर सोडायचा न्हाई गड्यांनो. ह्याला मीच शिकीवलंय."

मला त्यांच्याकडे बघवेना.