कोराडीचा लाल धागा आणि खानदानी इंजिन

देवीचा अनुभव सांगायचा तर आधी माझा खोटेपणा सांगावा लागेल, कारण अनुभव आला तो त्याच्यामुळेच. मी नागपूरच्या सदर भागातल्या एका ऑफिसातून निवृत्त झालेला माणूस. निवृत्तीनंतर हौसेनं जुनी मोटार घेतली. पेट्रोलची, चार सिलेंडरची, चकचकीत. मुलीचं लग्न ठरवताना आम्ही मुलाच्या मामाच्या सासऱ्यापर्यंत चौकशी केली होती, पण गाडी घेताना मी नुसता रंग पाहिला. तीन आठवड्यांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहता पाहता मला कळलं की इंजिनांचंही खानदान असतं आणि आमचं खानदान बदनाम आहे. एकाच कंपनीनं एकाच घडणीची लहानमोठी इंजिनं काढलेली, सगळी सख्खी भावंडं. थोरलं तेल पितं, मधल्याच्या पोटातली टायमिंगची चेन सैल होऊन तुटते, आणि धाकट्यात दोघांचेही गुण उतरलेले. आमच्या घरी धाकटं नांदत होतं.

चेन तुटली की चालत्या गाडीत इंजिन जागच्या जागी मरतं, आणि मागून ट्रक येत असला तर पुढचं बोलायलाच नको. हे सगळं मला ठाऊक झालं आणि मी बायकोला सांगितलं नाही. गाडी घेऊ नका म्हणून ती महिनाभर मागे लागली होती आणि तुला इंजिनातलं काय समजतं असं मी तिला तोऱ्यात ऐकवून बसलो होतो. आता कोणत्या तोंडानं सांगणार? मग रोज सकाळी बॉनेट उघडायचं, तेल पाहायची पट्टी ओढायची, कमी भरलं की इकडेतिकडे बघून गुपचूप बाटली ओतायची, असा माझा नेम सुरू झाला. शेजारी म्हणायचे, काय सेवा करतो गाडीची हा माणूस. देवापुढे मी एवढ्यांदा कधी वाकलो नव्हतो. बायको दर मंगळवारी कोराडीला देवीच्या दर्शनाला जाते आणि मी बाहेर गाडी लावायला सावली शोधतो, एवढीच माझी भक्ती. पण हे खानदान कळल्यापासून मीही मुकाट्यानं दर्शनाच्या रांगेत उभा राहू लागलो. बायकोला वाटलं, उतारवयात का होईना, सुधारले.

आमची मुलगी मौद्याला राहते, जावई तिकडच्या वीज केंद्रात आहे. तिला सातवा महिना लागला आणि बाळंतपणासाठी घरी आणायचं ठरलं. मी भाड्याची गाडी करू म्हणालो, तर बायको म्हणाली, घरची असताना भाड्याची काहून? तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. पोटुशी लेक त्या गाडीत बसणार, हे दिसत असून मी माझा तोरा सांभाळला.

मौद्याला पोचलो, जेवणं झाली. निघण्याआधी मी नेमाप्रमाणे बॉनेट उघडून तेल पाहिलं, पट्टी जागेवर खोचली, तेवढ्यात जावयानं चहाला हाक मारली. बॉनेट तसंच उघडं ठेवून मी आत गेलो. चहा पिऊन आलो आणि आत न बघता ते खाली आपटलं. लेकीची ओटी भरून झाली होती. मागच्या सीटवर दोन उशा लावून तिला बसवलं, तिच्याजवळ बायको बसली, आणि मी किल्ली फिरवली.

गाडी थरथरायला लागली. अशी की आरशात लेकीचा चेहरा धड दिसेना. बायकोनं विचारलं, काय झालं? मी म्हणालो, थंडीमुळे होतं तसं. चैत्र महिना, नागपूरचं ऊन, आणि मी म्हणतोय थंडी. हायवेला लागल्यावर डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला, जळक्या तेलाचा वास यायला लागला. टोलनाक्यावर रांगेत थांबलो तर सगळी गाडी कापत होती. आरशात पाहिलं, लेकीनं दोन्ही हात पोटावर गच्च धरले होते. तिचा तिच्या बापावर विश्वास होता, आणि तोच मला सहन होईना. दोन महिने मी देवीला एकच विनवत होतो की हे बायकोला कळू देऊ नको. त्या टोलनाक्यावर पहिल्यांदा मी मनातून म्हणालो, आई, कळायचं त्याला कळू दे, जायची तेवढी माझी लाज जाऊ दे, पण माझ्या लेकीला सांभाळ. आणि टोल ओलांडल्याबरोबर गाडी बाजूला घेतली.

समोरच टिनाच्या शेडचं एक गॅरेज होतं. आत बुद्धाची तसबीर, आणि खाली बाजेवर साठीच्या आसपासचे एक मिस्त्री बसलेले. त्यांनी आधी लेकीला बाजेवर बसवलं, पाणी दिलं, मग बॉनेट उघडलं. आत वाकून पाहिलं, पट्टीला बोट लावलं. नंतर म्हणाले, "हे कोनं बांधलं गा?"

तेल पाहायच्या पट्टीच्या पिवळ्या कड्याखाली लाल धाग्याचे अकरा वेढे होते. मी चहा पीत असताना बायकोनं पट्टी जरा वर ओढून कोराडीचा धागा बांधला होता. तिला वाटलं, कंपनीनं ते पिवळं कडं त्याच्यासाठीच ठेवलं असेल. वेढ्यांमुळे पट्टी आत बसेना, नळीतून हवा आत शिरत होती, म्हणून गाडी कापत होती. मी भर रस्त्यात तिच्यावर ओरडलो. दोन महिन्यांची सगळी भीती तिच्या डोक्यावर ओतली. ती लेकीला पाणी पाजत राहिली. मिस्त्री गाठ सोडू गेले तर सुटेना. बायकोचं माहेर उमरेडचं, घरी हातमाग, तुटलेलं सूत सांधायची गाठ तिच्या बोटांत बसलेली. शेवटी पान्यांच्या डब्यातलं ब्लेड काढून धागा कापावा लागला.

पट्टी बसली, इंजिन सुरू झालं, थरथर गेली. मी विजयी मुद्रेनं बायकोकडे पाहिलं. पण मिस्त्री हलले नाहीत. त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला लावली, आणि हातानंच खूण केली, बंद करा.

"काका, चेन संपली हिची. आता किल्ली फिरवू नका. नागपूर नसतं आलं." मग बायकोकडे बघून म्हणाले, "मी धागेदोरे मानत नाही. पण गाडी कापली नसती तर तुम्ही थांबले नसते. आता त्या माउलीवर ओरडू नका."

त्यांनी स्वतःच्या व्हॅनमधून आम्हाला नागपूरला सोडलं. त्या व्हॅनचं बॉनेट सुतळीनं बांधलेलं होतं, आरसा एकच होता, आणि ती आमच्या चकचकीत गाडीला मागे टाकून मजेत निघाली. त्या व्हॅनमध्ये, मिस्त्रींच्या आणि लेकीच्या देखत, मी बायकोला सगळं सांगितलं. खानदान, चेन, बाटल्या, सगळं. मला वाटलं होतं आता माझी काही खैर नाही.

ती म्हणाली, "दोन महिन्यांपासून तुम्ही गाडीत गाणे लावत नाही. नुसता कान लावून बसता. तुम्ही कशाले तरी भिऊन राहिले, एवढं समजत होतं. विचारलं असतं तर भांडले असते. म्हणून देवीलेच विचारत होती."

पुढे वेळेवर नात झाली, मायलेकी सुखरूप आहेत. गाडीला नवी चेन बसवली. गाडी दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा विचार होता, तो सोडला. तो धागा चमत्कार होता की चूक, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मी फक्त एवढंच आठवतो की एकाच मंगळवारी, एकाच देवीसमोर, पुरुषांच्या रांगेत मी म्हणत होतो, हिला काही कळू देऊ नको. आणि पलीकडे बायकांच्या रांगेत ती म्हणत होती, यांना काय होतंय ते मला कळू दे. देवीनं माझं ऐकलं नाही, याबद्दल मी रोज हात जोडतो.