मारुतीच्या हारातला कोष

तेरच्या रस्त्यावर एसटीची वाट बघत उभी होते. शेजारच्या बांधावरची रुई कुणीतरी नुकतीच छाटली होती. तुटलेल्या देठांतून पांढरा चीक ठिबकत होता आणि त्याचा उग्र, कडवट वास थेट नाकात शिरला. मग उरलेली पानं उलटून बघितल्याशिवाय माझ्याच्यानं राहवेना. एसटी आली, कंडक्टरनं दोनदा हाक मारली, तरी माझा हात पानांखालीच. गाडीत बसल्यावरही जिवाला स्वस्थता नव्हती. राहिलेल्या एखाद्या पानाखाली काही लटकत असलं तर? पावसाळा भरात आला, की दरवर्षी माझं हे असंच होतं.

ही खोड मला लावली आमच्या गावातल्या फोटोवाल्या काकांनी. जन्मभर त्यांनी लग्नं टिपली. मुहूर्त टळून गेला तरी ‘नवरदेव, हार परत घाला, हसा जरा’ असं भर मांडवात दरडावणारा हा माणूस. पुढं जो तो मोबाइलवर फोटो काढू लागला, स्टुडिओ बसला, आणि काका कॅमेरा गळ्यात अडकवून तेरणेच्या काठानं फुलपाखरांमागं हिंडू लागले. मी शाळेतली बाई. सुट्टी असली की त्यांच्याबरोबर निघायची. घाणेरीच्या फुलावर बसलेल्या फुलपाखराला ते सवयीनं म्हणायचे, “मान जरा इकडं घ्या.” ते बापडं उडून जायचं. “पाव्हणे लई गडबडीत हायती, बाई,” म्हणत काका स्वतःच हसत सुटायचे.

मग त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. नजर कडेकडेनं आत मिटत चालली होती आणि गेलेली परत यायची नाही, हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. त्या पावसाळ्यात काकांनी एकच ध्यास घेतला. कोषातून बाहेर पडणारं फुलपाखरू त्यांना टिपायचं होतं. “आयुष्यभर नटलेली माणसंच काढली की ओ,” ते म्हणाले, “नटायच्या आधीचं एकदा काढायचंय.” पुढच्या पावसाळ्यात आपल्याला दिसेल की नाही, हे ते बोलले नाहीत. मला मात्र तेवढंच ऐकू येत राहिलं.

नदीच्या वाटेवर एका रुईच्या पानाखाली आम्हाला कोष सापडला. फिकट हिरवा, अंगावर सोनेरी टिपके. शाळा सुटली की मी रोज धापा टाकत तिथं. शुक्रवारी संध्याकाळी तो काचेसारखा झाला आणि आतले केशरी पंख दिसू लागले. “उद्या सकाळी,” काका हळूच म्हणाले. दुसऱ्या दिवशी सुट्टीच होती. उजाडताच आम्ही पोचलो, तर झुडूप बोडकं. पानं नाहीत आणि कोषही नाही. श्रावणातला शनिवार! रोज रुईपाशी येत होतो, पण गावोगावचा मारुती आज रुईचाच हार घालतो, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

वेशीवरच्या मारुतीच्या पायरीवर हार ओवणारी मावशी बसली होती. मी रडकुंडीला येऊन पानाचं विचारलं, तर ती खुशीत म्हणाली, “व्हय, ते सोन्याच्या टिकल्याचं? कसलं देखणं हुतं! म्हनून म्या देवाच्या छातीवरच येईल असं मधी ओवलं.” हार काढता येईल का, असं मी विचारलं. “आत्ताच चढवलाय. आता संध्याकाळीच उतरतुया, बाई.” मी काकांकडे बघितलं. शेकडो नवरदेवांचे हार काढायला लावणारे काका चप्पल काढून आत गेले.

गाभाऱ्यात अंधार. समईच्या उजेडात शेंदूर तेवढा चमकत होता. काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला, खाली केला, पुन्हा लावला. मग पट्टा गळ्यातून काढून त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. “मला नुसतं लाल दिसतंय. तुमी काढा.” तेवढ्यात कोष उकलला. “फुटला का? काय हुतंय? सांगा की!” त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. मी कॅमेरा खाली ठेवला आणि सांगू लागले. चुरगळलेले ओले पंख, त्यांचं सावकाश उलगडणं, देवाच्या शेंदरावर टेकलेले बारीक पाय. मावशीसुद्धा हात जोडून ऐकत उभी होती.

त्यामुळे फोटो काही निघाला नाही. काका आता लेकीकडे पुण्याला असतात, आणि त्यांना जवळजवळ काहीच दिसत नाही. अधूनमधून त्यांचा फोन येतो. “ते सांगा की एकदा.” मी सांगते आणि सांगताना जीव धास्तावतो. फोटो कपाटात पडून पिवळा पडला, तरी त्यातलं माणूस जागचं हलत नाही. माझ्या सांगण्यातलं फुलपाखरू मात्र दर वेळी थोडं बदलत असणार. कुठला रंग मी बघितलेला आणि कुठला नंतर भरलेला, हे आता माझं मलाच कळत नाही. परवा मी म्हणाले, “आधी पाय बाहेर आले.” पलीकडून काका म्हणाले, “मागल्या बारीला मिशा म्हणला हुता.” खरंच काय आलं होतं आधी? विचारायचं तरी कुणाला?

“असू द्या,” काका म्हणाले, “आज पायच येऊ द्या. पंख तेवढे घाईनं उघडू नका, बाई.”